एका नावाच्या दोघी

आमच्या भावकीची वंशावळ संगणकात घालायचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ माझ्याकडे संगणक होता म्हणून. मालवणच्या बाजारात माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, असली कामं. माझं लग्न गावातच झालेलं, त्यामुळे माहेरची माणसं मासळी घालून परत जाताना दुकानात डोकावत. दोन हजार चार-पाचच्या सुमारास घराण्याच्या देवळाचं नवं बांधकाम निघालं आणि सभामंडपात वंशावळीची पाटी बसवायची असं बैठकीत ठरलं. "तुका येता मा ता कम्प्युटरवरचा, मगे तूच कर," असं म्हणून सगळे मोकळे झाले.

एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवर वंशावळीचा एक प्रोग्राम होता. तो मराठी अक्षरं घेत नसे. सगळी नावं इंग्रजी लिपीत घालायची. भारनियमनातून वीज वाचेल तेवढ्या वेळात मी वाडीवरून गोळा केलेली नावं टाकत गेले. माणूस, त्याची बायको, मुलं, मुलांच्या बायका. पडद्यावर चौकोनाला चौकोन जोडला जाई. मला ते आवडू लागलं होतं.

माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, आमचा दादा, खूप वर्षांपूर्वी नोकरीसाठी बडोद्याला गेला तो तिकडेच राहिला. त्यानंही असंच काहीतरी करून ठेवलं आहे असं कळलं. मी फोन केला, तर त्यानं आपली फाईल सीडीवर घालून गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. त्याच्याकडे बडोदा, बेळगाव, मुंबई अशी बाहेर गेलेली सगळी घरं होती, माझ्याकडे गावातली. दोन्ही एकत्र केली की वंशावळ पुरी.

पहिल्यांदा मी ती फाईल सरळ आत घेतली आणि घाबरले. पणजोबा दोन झाले. त्यांना दोन-दोनदा तेच मुलगे. माझे वडील दोन, आणि मीसुद्धा दोन, कारण दादानं माझं नाव एका अक्षराच्या फरकानं लिहिलं होतं. जुनी प्रत होती म्हणून वाचले. ती परत चढवली, फाईल पुन्हा आत घेतली आणि या वेळी एकेक जोडी तपासायला बसले.

प्रोग्राम सारखी वाटणारी दोन माणसं शोधून शेजारी-शेजारी दाखवी. डावीकडे माझं, उजवीकडे दादाचं. एकच असतील तर 'मर्ज' म्हणायचं, नसतील तर तसं सांगायचं. नुसत्या नावावर जाऊन चालत नसे. आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येतं. म्हणून मी आईबाप बघायचे, जोडीदार बघायचा, मुलं बघायची. हे सगळं जुळलं तरच एकत्र करायचं.

अशा एका दुपारी काकी पुढे आली. थोरल्या काकांची बायको, दादाची आई. डावीकडे माझी काकी, उजवीकडे दादाची. नाव तेच, नवरा तोच, मुलगा म्हणून दादा दोन्हीकडे. उजवीकडे मात्र माहेरचं गाव भलतंच, किनाऱ्यावरचं कुठलंतरी, आणि खाली मृत्यूचं साल घातलेलं. मला रागच आला. काकी तर धडधाकट होती. तिच्या हातचे बांगडे मी परवाच खाल्ले होते. एवढी वर्षं बाहेर राहिलेल्या मुलाला आपली आई जिवंत आहे की नाही हेही धड लिहिता येऊ नये? माझी बाजू खरी धरून मी मर्ज केलं आणि पुढे गेले.

पण त्या प्रोग्रामची एक खोड मला तेव्हा माहीत नव्हती. एका बाजूची जागा रिकामी असेल, तर ती तो दुसऱ्या बाजूच्या माहितीनं भरून टाकी. काकी जिवंत म्हणून मी मृत्यूची जागा रिकामी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी चुकांची तपासणी लावली तेव्हा पडद्यावर आलं, की दोन मुली आईच्या मृत्यूनंतर जन्मल्या आहेत. काकीच्या दोन्ही मुली. बरीच वर्षं नंतर.

मला हसू आलं. काकीला ही गंमत सांगायची आणि तिच्या माहेरचा तपशील विचारून यायचा, म्हणून मी दुकान बंद करून वाडीवर गेले.

काकी घरापुढच्या खळ्यात सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. तरी बाजारातला मासे विकायचा तिचा पाट तिनं सोडला नव्हता.

"काकी, तुझा माहेर बांद्याक मा?"

"होय. कित्याक गो?"

"दादान तुझा माहेर भलत्याच गावाक नेऊन ठेवल्यान. आणि तुका मारून पण टाकल्यान, साल घालून."

मी हसत होते. ती हसली नाही. तिचे हात थांबले.

"खंयचा साल?"

मी सांगितलं.

"बरोबर आसा ता," ती म्हणाली. "तेचा चुकाक नाय. ती तेची आवस."

दादाची आई तर हीच, मला काही उमगेना. "मगे तू कोण?"

"मी मागसून इलंय."

तिनं गळ्यातला काळा दोरा ओढून बाहेर काढला. त्यात चांदीचा एक टाक होता, बाईचा उभा आकार ठोकलेला, झिजून गुळगुळीत झालेला. लहानपणापासून मी तो तिच्या गळ्यात पाहत आले होते. काका गेल्यावर तिचं मंगळसूत्र उतरवलं, पण हा टाक कुणी काढायला सांगितला नव्हता. मी तो कुठल्यातरी देवीचा समजत होते.

"देव न्हय तो," काकी म्हणाली. "ती."

काकांची पहिली बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. घरात दोन वर्षांचा दादा. वर्ष व्हायच्या आत काकांचं दुसरं लग्न ठरलं, आणि बांद्याच्या शेतकऱ्याची मुलगी, जिनं समुद्र पाहिलासुद्धा नव्हता, ती आमच्या घरात आली. लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते तिनं वाकून पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे वाचता येत होतं.

"वाचलंय नि माका वाटला, ह्यांची चूक झाली. कोणाचा तरी दुसऱ्याचा नाव लिवल्यानी. तसा खराच होता ता. सासू म्हणाली, पोराक त्या नावाची सवय आसा, ताच बरा."

"आणि तू काय म्हटलंस?"

"नव्या व्हकलेक कोण इचारता? पयलो म्हयनोभर कोण हाक मारी नि मी तशीच बसान रवी. माका कळाच नाय माकाच हाक मारतत म्हणान. सगळ्यांका वाटला, हाडली ती व्हकल बहिरी आसा."

नवी सून बहिरी, हे सांगताना ती थोडी हसली. मग सूप खाली ठेवलं.

दादाबद्दल तिनं सांगितलं ते मी अजून विसरू शकत नाही. सासू त्या पोराला तेच नाव घेऊन म्हणायची, जा तिच्याकडे जा. पोर दुडूदुडू निघायचं. काकी हात पुढे करून बसलेली असायची. ते तिच्या अंगावरून पुढे मागीलदारी जायचं आणि दारात उभं राहून बावीकडे बघत राहायचं. पहिली तिथं पाणी काढायला जायची.

"मी तेच्या मागसून जाय. खांद्यावर हात ठेवलंय की तो वळान बघी. रडा नाय हां. नुसतो बघी माझ्या तोंडाकडे. आणि खरा सांगतंय, मी पण बावीकडे बघी. माका वाटा, हाक तर दोघींकाच ऐकाक येता. मगे आदी कोण उठात?"

पितृपक्षात अविधवा नवमी येते, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या नावानं. काका होते तोवर दर वर्षी घरात ती होई. स्वयंपाक काकीच करी.

"जेवाण मी रांधी, पान मी वाढी, नि भट नाव घेय ता माझा. मगे सगळी भायर उभी, कावळो येयसर. कावळो शिवलो की सगळी म्हणत, जेवली गो जेवली. नाव घेऊन म्हणत. मी थंयच उभी. माका त्या दिवसा भूक म्हणान लागा नाय."

समोरच्या माडांवरून वारा येत होता आणि सुपातला जवळा थोडा उडत होता. मी तो हातानं आवरला. मग तिला विचारलं, लग्नाआधीचं नाव काय होतं?

ती थांबली. आठवत होती असं नव्हे. सांगावं की नाही, याचा विचार करत असावी. सांगितलं तेव्हा इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्या वेळी तिनं पदर तोंडाशी धरला. कुणा परक्या बाईची चुगली करावी तसं.

ते नाव इथं लिहीत नाही. दोघींचं मिळून जे एक होतं तेही नाही.

दुकानात येऊन मी ते मर्ज मोडायला बसले, तर प्रोग्राम मोडू देईना. एकदा फाईल बंद केली की जोडलेली माणसं जोडलेलीच राहत. शेवटी जुनी प्रत काढून सगळ्या जोड्या पहिल्यापासून पुन्हा केल्या. काम तेच होतं, पण आता हात पूर्वीसारखा चालेना. पणजोबांच्या बायकोपाशी मी अडले. तिला सात मुलं, आणि तिसऱ्या-चौथ्यात फार मोठं अंतर. ती एकच बाई होती का? तिचं माहेरही एक जण एक सांगे, दुसरा दुसरं. आधी मी हे म्हाताऱ्यांच्या विसराळूपणात जमा केलं होतं. आता वाटू लागलं की त्या एका चौकोनात दोघी असतील. आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं. दुकानात एकटी असले की अशा नावांपाशी फार वेळ थांबत नसे. बायकांची नावं भराभर खाली सरकवत पुरुषांकडे जाई.

रविवारी मी दादाला फोन केला. म्हटलं, तुझ्या फाईलमध्ये काकी नाहीच.

तो म्हणाला, "तिका खंय घालूची ता माका कळाक नाय. 'आई' म्हणान एकच जागा आसा. दोघींका घालून बघलंय. तर तो प्रोग्राम दर वेळेक इचारी, ह्यो दोघी एकच काय? माका ता सोसाक नाय. मगे एक काढलंय."

"आणि जी आसा तिकाच काढलंस?"

"जी आसा तिका हाक तरी मारूक येता गो. ती दुसरी निदान थंय रवांदे. तिचो फोटो नाय. तिची कसली म्हणान वस्तू नाय. माका तिचा तोंड आठवणा नाय." मग त्यानं विचारलं, "आये काय म्हणाली?"

काकीला तो आयेच म्हणे.

"तुझा चुकाक नाय म्हणाली."

त्याच्या मागे बडोद्याच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती. थोड्या वेळानं त्यानं फोन ठेवला.

मी दोघींना वेगळं ठेवलं. प्रोग्राममध्ये सावत्र आईसाठी सोय होती, ती शोधून काढली आणि दादाला दोघींशी जोडलं. एके दिवशी बाजार उठल्यावर काकी टोपली घेऊन दुकानात आली. मी तिला पडद्यावर दाखवलं: मध्ये काका, दोन्ही बाजूंना दोन चौकोन, दोन्हींत तीच अक्षरं.

"ह्यातली मी खंयची?"

मी बोट ठेवलं.

"बरा. पण आमका इतक्या लगत घालू नको. वायच लांब घाल."

मी चौकोन जरा ओढला. मग तिला म्हटलं, आधीचं नाव घालायला इथं वेगळी जागा आहे, घालू का? ती म्हणाली, "घाल. पण खंय छापू नको."

पाटीसाठी नावं मी मराठीत टाईप करून दिली. काकांच्या पुढे दोन्ही बायका, ओळीनं. पाटी कोरायला बाहेरगावचा माणूस होता. देवळाच्या कार्याच्या दिवशी सगळ्यांसोबत मी पाटी बघायला गेले, तर काकांपुढे एकच नाव. कोरणाऱ्याला वाटलं, टाईप करताना नाव चुकून दोनदा पडलं. त्यानं एक गाळलं. गाळलं ते कुणाचं, हे कळायला मार्गच नव्हता. संगमरवर पुन्हा कोरायला भावकीतलं कुणी तयार होईना, आणि बऱ्याच जणांना त्यात बिघडलं काय तेच कळेना.

काकी नवी साडी नेसून आली होती. तिनं पाटी पाहिली. ओठ हलवत ओळ वाचली. मी तिच्याजवळ गेले, मला फार वाईट वाटत होतं.

"काकी, मी दोन दिल्लंय गो."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "आसांदे. ती म्हणात माझा, मी म्हणान माझा." आणि प्रसादाच्या रांगेकडे चालू लागली.

काकी गेली दोन हजार नऊच्या पावसाळ्यानंतर. फार आजारी नव्हती. दादा बडोद्याहून आला, त्यानं सगळं केलं. तिच्या मुली आल्या. मी फाईल उघडून तिच्या चौकोनात साल घातलं, आणि पुढच्या वेळी तपासणी लावली तेव्हा प्रोग्रामनं दोघींना पुन्हा शेजारी आणून विचारलं. नाव तेच, नवरा तोच, आता दोघी मेलेल्या. मी नाही म्हटलं. संगणक बदलला की माझं ते 'नाही' पुसलं जातं आणि तो परत विचारतो.

बांद्याला कळवायचं काम माझ्याकडे होतं. काकीचे भाऊ गेलेले होते, भाचरांपैकी कुणाचातरी फोन नंबर तिच्या मुलीकडे होता. मी लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. मी विचारलं, कोण बोलतंय?

तिनं नाव सांगितलं. काकीचं, लग्नाआधीचं.

फोन ठेवून द्यावा असंच वाटलं. आवाज थोडा काकीसारखाही होता, बसका. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं आणि म्हणाली, "तुमका कोण होया?"

बाराव्याला ती आली. काकीच्या धाकट्या भावाची मुलगी, पन्नाशीची, काजूच्या बागेत राबून हात काळे पडलेली. लग्न झालं नव्हतं, माहेरीच राहिलेली, त्यामुळे नाव कधी बदललं नव्हतं. जेवणं झाल्यावर पडवीत बसली असताना मी तिला विचारलं, हे नाव तुला कुणी ठेवलं?

"आत्येन," ती म्हणाली. "बारशाक कानात नाव सांगूचा आत्येन, तशी आत्या वाकली. घरच्यांनी येगळाच नाव ठरवलेला होता. आत्येन भलताच सांगल्यान. आजी खूप ओरडली म्हणतत. पण एकदा कानात सांगल्यावर काय करतले?"

दादा खांबाला टेकून बसला होता. त्याला मी ते जुनं नाव फाईलमधून दाखवलेलं होतं. तो सरळ होऊन बसला.

"थंय इली की आत्या माका सारख्या हाका मारी," ती सांगत होती. "काम आसांदे नसांदे. मी खंय बागेत आसलंय तर थंयसून आवाज देय. मी ओ देवन धावत येय, काय गो आत्या? तर म्हणा, काय नाय, अशीच हाक मारलंय."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं दादानं तिला चहा घेणार का म्हणून विचारलं. पण नाव घेऊन नाही. 'गो बाय' म्हणाला. पुढचे दोन दिवस ती राहिली, तेव्हाही त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बांद्याच्या गाडीत बसवून परत आल्यावर मला म्हणाला, हिच्या घरची माणसंही घाल फाईलमध्ये, आणि नीट बघून घाल.